अभ्यास झाला, पण विचारले कोणाला?

दापोली हे कारखान्यांचे गाव नव्हे. जुन्या शाळा, १९७२ साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ, हर्णैच्या बंदरावरील मासळीचा लिलाव आणि सुट्टीच्या दिवसांत मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर लोटणारे पर्यटक ही या तालुक्याची ओळख आहे. येथील शिक्षकाला, कचेरीतील कारकुनाला किंवा महाविद्यालयातील विद्यार्थ्याला रासायनिक कारखान्यातील धोक्यांचा अभ्यास कसा करतात असे कोणी विचारले, तर तो विषय अभियंत्यांचा आहे, असे उत्तर मिळण्याचा संभव अधिक. हे उत्तर स्वाभाविक असले तरी बरोबर मात्र नाही.

दापोलीहून खेडला उतरून मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूणच्या दिशेने निघाले की परशुराम घाटाच्या अलीकडे लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत लागते. कीटकनाशके, रंगद्रव्ये, औषधांसाठी लागणारी मध्यम रसायने यांचे कारखाने तेथे आहेत. आसपासच्या तालुक्यांतील तरुण तेथे पाळीवर जातात. त्या वसाहतीचे सांडपाणी ज्या दाभोळ खाडीत जाते, तिचा उत्तर किनारा दापोली तालुक्याचा आहे आणि खाडीतील मासळी घटल्याची तक्रार तेथील मच्छीमार कित्येक वर्षे करीत आले आहेत. खाडीच्या पलीकडे अंजनवेलला वीजप्रकल्प आणि द्रवरूप नैसर्गिक वायूचा तळ आहे. मार्च २०२१ मध्ये लोट्यातील एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर महिन्याभरातच त्याच वसाहतीत दुसऱ्या ठिकाणी पुन्हा बळी गेले. १२ डिसेंबर २०२४ रोजी जयगड येथे वायुगळतीचा त्रास होऊन शाळेतील मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. ती मुले कोणत्याही कारखान्यात कामाला नव्हती. ती वर्गात बसलेली होती. कारखान्याच्या कुंपणाला वायू जुमानत नाही, एवढी एकच गोष्ट लक्षात घेतली तरी हा विषय केवळ अभियंत्यांचा राहत नाही.

प्रत्येक दुर्घटनेनंतर काय घडते हे आता सर्वांना पाठ झाले आहे. मंत्र्यांची भेट, मदतीची घोषणा, चौकशीचा आदेश आणि काही दिवसांनी सर्वत्र सामसूम. या सर्व प्रकारात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. या कारखान्यात धोक्याचा पद्धतशीर अभ्यास झाला होता काय, आणि झाला असल्यास तो करायला कोण बसले होते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कपाटातील एक जाड अहवाल काढून देता येते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे इतके सोपे नाही. वास्तविक कारखान्याची सुरक्षितता त्या दुसऱ्या उत्तरावरच अवलंबून असते.

पद्धतीचा जन्म

जगभर ‘हॅझॉप’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचा उगम ब्रिटनमधील इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत झाला. १९६३ साली फिनॉल आणि ॲसिटोन तयार करण्याच्या एका नव्या प्रकल्पाचा आराखडा तपासण्यासाठी तेथे एक लहानसा गट नेमण्यात आला. आठवड्याचे तीन पूर्ण दिवस, असे चार महिने हा गट एकत्र बसला आणि त्याने आराखड्यातील एकेक नळ घेऊन तो पारखला. त्या काळी कंपनीपुढे भांडवलाची चणचण होती आणि हात घातला गेला तो खर्चाची चिकित्सा करण्यासाठी. पण प्रत्येक नळाला ‘असे का’ आणि ‘असे न झाले तर काय’ हे प्रश्न विचारता विचारता धोके आणि चालविण्यातील अडचणी पुढे येऊ लागल्या. याच कंपनीत सुरक्षा सल्लागार म्हणून काम केलेले ट्रेव्हर क्लेट्झ यांनी पुढे या पद्धतीचा जगभर प्रसार केला. आज तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे अधिष्ठान आहे आणि तेलशुद्धीकरणापासून औषधनिर्मितीपर्यंत ती सर्वत्र वापरली जाते.

पद्धत समजायला अवघड नाही. एक साधे उदाहरण घ्यावे. एका रिॲक्टरमध्ये एक द्रव आधीच भरलेला आहे. त्यात दुसरा द्रव तीन तासांत हळूहळू सोडायचा आहे. क्रियेतून उष्णता निर्माण होते, म्हणून भांड्याभोवतीच्या आवरणातून थंड पाणी खेळते ठेवायचे आणि आतील ढवळणी सतत चालू ठेवायची. हा झाला हेतू. आता या हेतूला काही ठरलेले शब्द लावायचे: नाही, जास्त, कमी, शिवाय आणखी, अर्धवट, उलट, भलतेच. पाणी आलेच नाही तर? द्रव तीन तासांऐवजी एका तासात गेला तर? आवरणाला चीर पडून द्रवाशिवाय पाणीही भांड्यात शिरले तर? दाब वाढून भांड्यातील माल उलट दिशेने टाकीत गेला तर? पाळी बदलताना पिंपाची अदलाबदल होऊन भलताच पदार्थ ओतला गेला तर? जेथे माल घाण्याघाण्याने तयार होतो, तेथे ‘लवकर’ आणि ‘उशिरा’ हे शब्दही जोडावे लागतात. ढवळणी बंद असल्याचे उशिरा ध्यानात आले, तोवर भांड्यात न मिसळलेला द्रव साचून राहिला आणि मग कोणी घाईने ढवळणीचे बटण दाबले, तर तीन तासांची क्रिया काही क्षणांत होऊन भांडे फुटू शकते. असे अपघात जगात अनेकदा झालेले आहेत.

प्रत्येक ‘तर’ पुढे चार गोष्टी लिहायच्या असतात. असे कशामुळे होईल, झाल्यास काय परिणाम होईल, ते रोखण्यासाठी आज काय व्यवस्था आहे आणि ती पुरेशी नसल्यास काय केले पाहिजे. शेवटी ते कोणी व कधीपर्यंत करायचे, हेही लिहायचे. पद्धतीत याहून गूढ असे काही नाही. मात्र हे तक्ते एकटा माणूस टेबलाशी बसून भरू शकत नाही. ते भरण्यासाठी गट लागतो, आणि खरी परीक्षा असते ती या गटाची.

गटात कोण असावे?

गटाची निवड हा उपचाराचा भाग नाही, हे १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे झालेल्या स्फोटाने दाखवून दिले. तेथे ओळीने बसविलेल्या सहा रिॲक्टरांपैकी पाचव्याला तडा गेल्याचे मार्चच्या अखेरीस आढळले. तो काढून चौथा आणि सहावा रिॲक्टर तात्पुरत्या नळाने जोडण्यात आला. त्या नळाचा आराखडा कार्यशाळेच्या जमिनीवर खडूने काढण्यात आला होता! कारखान्याच्या मुख्य यांत्रिकी अभियंत्याची जागा त्या वेळी रिकामी होती. ज्यांनी नळ जोडला ते प्रामाणिक आणि मेहनती होते, पण अशा दाबाखाली हा वाकडा नळ काय करील हा प्रश्न विचारणारा जाणकार त्यांच्यात नव्हता. दोन महिन्यांनी नळ फुटला आणि २८ माणसे मृत्युमुखी पडली. तो शनिवार होता. कामाचा दिवस असता तर ही संख्या कितीतरी वाढली असती. एक खुर्ची रिकामी असण्याची किंमत एवढी असू शकते.

तेव्हा अभ्यासगटात प्रक्रिया जाणणारा रसायन अभियंता हवा, यंत्रांची देखभाल करणारा हवा, मापक उपकरणे व वीज यांचा जाणकार हवा, सुरक्षा अधिकारी हवा आणि प्रत्यक्ष पाळीवर रिॲक्टर चालविणारा ऑपरेटर हवा. पाच ते सात माणसांचा गट पुरे. याहून मोठा गट झाला की बैठकीचे संमेलन होते आणि याहून लहान झाला की एका माणसाचे मत हेच सर्वांचे मत ठरते. बाहेरून आणलेल्या सल्लागाराने आठ दिवसांत अहवाल लिहून द्यावा आणि कारखान्यातील चार अधिकाऱ्यांनी त्यावर सह्या कराव्यात, ही पद्धत सोयीची खरी, पण तिला अभ्यास म्हणता येणार नाही. तो अहवाल दुसऱ्या एखाद्या कारखान्याच्या अहवालाची नावे बदललेली प्रत आहे की काय, हे ओळखणारा माणूसही मग शिल्लक राहत नाही.

या यादीत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत सहज वगळला जाणारा माणूस म्हणजे पाळीवरचा ऑपरेटर. आराखडा कागदावर काय सांगतो ते अभियंत्याला ठाऊक असते. रात्री अडीच वाजता प्रत्यक्षात काय करावे लागते ते ऑपरेटरला ठाऊक असते. कोणता मापक महिन्याभरापासून चुकीचा आकडा दाखवितो, कोणती घंटा सारखी वाजते म्हणून कापडाने बांधून ठेवली आहे, कोणता व्हॉल्व्ह हाताने फिरत नाही, हे त्याच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. लोट्यासारख्या वसाहतीत आता कामाचा मोठा भाग कंत्राटी कामगारांवर असतो. पिंपे वाहणारा आणि टाकी साफ करणारा कंत्राटी कामगार गटात बसला नाही, तरी त्याला विचारून येण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकली पाहिजे.

बैठकीपूर्वीचे काम

अभ्यासाचे अर्धे यश पहिल्या बैठकीच्या आधीच ठरलेले असते. शिक्षक तयारीवाचून वर्गात गेला तर तास वाया जातो. येथे तासाबरोबर माणसेही जाऊ शकतात. सर्वप्रथम नळ, टाक्या आणि उपकरणे दाखविणारा आराखडा अद्ययावत हवा. कारखाना उभा राहिला तेव्हाचा आराखडा कपाटात असतो. दहा वर्षांत नळ बदलतात, एक पंप दुसरीकडे जातो, एक वळणनळ कोणीतरी सोयीसाठी जोडतो. जुन्या आराखड्यावर केलेला अभ्यास म्हणजे पाडलेल्या घराची तपासणी. म्हणून गटप्रमुखाने हातात आराखडा घेऊन कारखाना स्वतः पायी फिरून पाहिला पाहिजे आणि फरक आढळल्यास आराखडा दुरुस्त होईपर्यंत बैठक पुढे ढकलण्याचे धैर्य दाखविले पाहिजे.

दुसरी गोष्ट रसायनांच्या माहितीची. कोणता पदार्थ कोणत्या तापमानाला विघटन पावतो, पाण्याशी त्याची काय क्रिया होते, क्रियेतून किती उष्णता निघते, हे आधी ठाऊक नसेल तर बैठकीत केवळ अंदाज बांधले जातात. १९ डिसेंबर २००७ रोजी अमेरिकेत जॅक्सनव्हिल येथील एका लहान कारखान्यात रिॲक्टर फुटून चौघे ठार झाले. त्या पदार्थाचा तो १७५ वा घाणा होता. आधीचे १७४ घाणे पार पडलेले असल्यामुळे चालकांना पद्धत निर्धोक वाटत होती. वास्तविक ठराविक तापमानाच्या वर दुसरी, अधिक उग्र क्रिया सुरू होते, हे त्यांना समजलेले नव्हते. थंड करण्यासाठी पाण्याचा एकच मार्ग होता आणि तो बंद पडल्यास दुसरी सोय नव्हती. या प्रकल्पासाठी हॅझॉप अभ्यास करावा, अशी सूचना आराखड्याच्या काळातच झाली होती; तो झाल्याचा पुरावा चौकशीत मिळाला नाही. ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ हे वाक्य आपल्याकडील प्रत्येक वसाहतीत ऐकू येते. १७४ वेळा काही झाले नाही, याचा अर्थ १७५ व्या वेळी होणार नाही असा नसतो.

तिसरी तयारी स्थळाच्या परिस्थितीची. हॅझॉपचे तक्ते परदेशातून आले, तरी पाऊस कोकणचाच पडणार आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुके उद्ध्वस्त केले. अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि जगबुडी या नद्यांना पूर येऊन चिपळूण आणि खेड पाण्याखाली गेले. परशुराम घाटात दरड कोसळली की महामार्ग बंद पडतो. मग ‘वीज नाही’ या दोन शब्दांचा विचार दहा मिनिटांच्या खंडापुरता करून कसे चालेल? जनरेटरचे डिझेल किती तास पुरते, रस्ता बंद असताना ते कोठून येणार, पाळी बदलण्यासाठी दुसऱ्या पाळीचे लोक पोहोचलेच नाहीत तर चालू घाणा कोण आणि कसा थांबविणार, हे प्रश्न येथील आराखड्यावर लिहिलेले नसतात. ते विचारण्यासाठी गटात या भूमीचा पावसाळा पाहिलेला माणूस लागतो. मे २०२० मध्ये विशाखापट्टणम येथे टाळेबंदीत पडून राहिलेल्या टाकीतील स्टायरीन तापून वायू पसरला आणि झोपेतील नागरिक मेले. कारखाना बंद असणे हीदेखील एक अवस्था आहे आणि तिचाही अभ्यास करावा लागतो, हा धडा त्यातून घ्यायचा.

चौथी गोष्ट वेळेची. सलग आठ तास ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलट’ करीत बसल्यावर कोणाचीही बुद्धी शिणते. दिवसाला अर्धा दिवस बैठक, तीही कारखान्याच्या फोनपासून दूर, हे पथ्य अनुभवाने ठरलेले आहे. चार दिवसांचे काम एका दिवसात उरकल्याचा ज्याला अभिमान वाटतो, त्याने काम केलेले नसते.

प्रमुखाची कसोटी

गटप्रमुख हा सर्वांत हुशार अभियंता असावा, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. त्याचे काम उत्तरे देण्याचे नसून प्रश्न विचारण्याचे आणि विचारू देण्याचे आहे. त्याला पद्धत नीट अवगत हवी, रसायनशास्त्र समजायला हवे, पण त्या कारखान्याचा आराखडा त्याने स्वतः केलेला नसावा आणि उत्पादनाची जबाबदारी त्याच्याकडे नसावी. स्वतःच्या आराखड्यातील चूक स्वतः शोधणे मनुष्यस्वभावाला जड जाते, आणि ज्याला महिनाअखेरीस उत्पादनाचा आकडा गाठायचा आहे त्याला ‘थांबा’ हा शब्द गोड लागत नाही.

आपल्या समाजात या भूमिकेची अडचण विशेष आहे. शाळेत जास्त प्रश्न विचारणारा मुलगा आगाऊ ठरतो आणि कचेरीत साहेबांच्या टिपणीवर शंका घेणारा कारकून उद्धट ठरतो. हीच सवय कारखान्याच्या बैठकीत येऊन बसते. प्रकल्प व्यवस्थापक म्हणतो, पाणी बंद पडले तर ऑपरेटर ताबडतोब व्हॉल्व्ह बंद करील. सर्वजण मान डोलावतात. त्या खोलीच्या टोकाला बसलेल्या ऑपरेटरला ठाऊक असते की तो व्हॉल्व्ह दुसऱ्या मजल्यावर आहे, शिडी गंजलेली आहे आणि रात्री त्या भागात दिवा नसतो. पण साहेब बोलल्यावर त्याने तोंड उघडावे, अशी आपली रीत नाही. ‘साहेब, तिथे पोहोचायलाच चार मिनिटे लागतात’ हे एक वाक्य त्याच्या तोंडून बाहेर येईल अशी हवा खोलीत निर्माण करणे, हे प्रमुखाचे खरे काम. त्यासाठी व्यवस्थापकाला आधी न बोलू देता ऑपरेटरला आधी विचारणे, ‘तू काय करतोस’ ऐवजी ‘तेथे प्रत्यक्ष काय होते’ असे विचारणे, कोणाची चूक शोधण्यासाठी ही बैठक नाही हे वारंवार सांगणे आणि बोललेल्या माणसाला नंतर त्रास होणार नाही याची हमी व्यवस्थापनाकडून आधीच घेणे, एवढे तरी त्याने केले पाहिजे. प्रत्येक शंकेवर तेथल्या तेथे यंत्ररचना बदलण्याचे बेत आखले जाऊ लागले, तर चर्चा आवरून पुढील प्रश्नाकडे वळविणे हेही त्यालाच करावे लागते.

भाषेचा मुद्दा यातूनच निघतो. बैठक इंग्रजीत चालली की पाळीवरचा माणूस आपोआप श्रोता होतो. भोपाळच्या कारखान्यातील नियमपुस्तिका इंग्रजीत होत्या आणि अनेक कामगारांना त्या वाचता येत नव्हत्या, हे पुढे जगजाहीर झाले. लोटे, महाड किंवा तारापूर येथील बैठक मराठीत आणि आवश्यक तेथे हिंदीत चालविण्यास कोणताही कायदा आड येत नाही. आड येते ती केवळ प्रतिष्ठेची खोटी कल्पना.

या गटातील आणखी एका माणसाची दखल सहसा घेतली जात नाही. तो म्हणजे नोंद ठेवणारा लेखनिक. बोलले गेलेले सर्व लिहायचे नाही, पण ठरलेले काहीही सुटता कामा नये. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ असे मोघम न लिहिता कोणता व्हॉल्व्ह, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत बदलायचा, हे लिहायचे आणि तेथेच वाचून दाखवायचे. ज्यांनी आयुष्यभर इतिवृत्ते लिहिली आहेत त्या कारकुनांना मोघम वाक्याची किंमत वेगळी सांगायला नको. मोघम वाक्यामागे जबाबदारी लपते.

अहवालानंतर

सगळे नीट पार पडले, तरी शिफारशी अंमलात आल्या नाहीत तर सर्व श्रम व्यर्थ. मे १९८२ मध्ये अमेरिकेहून आलेल्या तपासणी पथकाने भोपाळच्या कारखान्यातील त्रुटींची यादी करून दिली होती. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री वायूची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती आणि वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या नळाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. धोका कोणालाच माहीत नव्हता, असे म्हणण्याची सोय तेथे नव्हती. टाकीत पाणी शिरले तर, हा प्रश्न या पद्धतीतील ‘शिवाय आणखी’ या शब्दाचे सरळ उदाहरण आहे. हजारो माणसे मेल्यानंतर तो प्रश्न साऱ्या देशाने विचारला.

भोपाळनंतर कायदे झाले. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा, १९८७ ची कारखाना कायद्यातील दुरुस्ती, १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम आणि १९९६ चे रासायनिक अपघातांसंबंधीचे नियम ही त्याची फळे. १९८७ च्या दुरुस्तीने कामगारांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आणली. कारखाना कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून घेतलेल्या नव्या संहितेतही अशा समितीची तरतूद आहे. १९९६ च्या नियमांनी स्थानिक आपत्ती गट कल्पिला असून त्यात प्रांताधिकारी, कारखाना निरीक्षक, आरोग्य अधिकारी, गावचा सरपंच, डॉक्टर, समाजकार्यकर्ते, इतकेच काय पण स्थानिक वृत्तपत्राचा संपादक यांनाही स्थान दिले आहे. कागदावर रचना चांगली आहे. पण कारखान्यातील अभ्यासाचे निष्कर्ष या गटापुढे, त्यांना समजेल अशा भाषेत, कधी ठेवले जातात काय, हा प्रश्न गावागावांतून विचारला जायला हवा.

लहान कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. दहा-वीस कामगारांचा कारखाना चालविणाऱ्याला बाहेरचा तज्ज्ञ प्रमुख परवडत नाही. सहा माणसे चार दिवस बैठकीला बसविली तर उत्पादन बंद ठेवावे लागते, हे खोटे नाही. पण त्यावर मार्ग आहेत. वसाहतीतील कारखानदारांच्या संघटनेने प्रशिक्षित प्रमुखांची एक यादी सिद्ध करावी. एका कारखान्याच्या अनुभवी अभियंत्याने दुसऱ्या कारखान्यात प्रमुख म्हणून बसावे. त्यात खर्च थोडा आणि तटस्थता अधिक. व्यापारी गुपिताची सबब पुढे येईल. पण स्फोटानंतर कोणतेच गुपित शिल्लक राहत नाही. लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या संस्थांनी या पद्धतीचे शिक्षण मराठीतून द्यावे आणि विद्यार्थ्यांना नोंदलेखक म्हणून अशा बैठकांत बसण्याची संधी मिळवून द्यावी. हॅझॉप हा सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. गटाला जे सुचलेच नाही, ते तक्त्यात येत नाही. परंतु म्हणूनच गट कोणाचा आहे याला महत्त्व येते.

सरकारकडून अपेक्षा फार मोठ्या नाहीत. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने अहवाल स्वीकारताना चार गोष्टी मागाव्यात. अभ्यासाला कोण किती तास उपस्थित होते याची सह्यांसह नोंद. पाळीवरील किमान एका ऑपरेटरचा सहभाग. शिफारशी, त्यांच्या मुदती आणि पूर्ततेचा तक्ता. आणि सुरक्षा समितीच्या फलकावर लावण्यासाठी मराठी सारांश. अमेरिकेत १९९२ च्या नियमांनी असा अभ्यास दर पाच वर्षांनी पुन्हा पारखणे बंधनकारक केले आहे. येथेही तेवढा कालावधी ठरवावा, आणि यंत्रात किंवा प्रक्रियेत बदल झाल्यास त्याआधीच तो करावा. या चार मागण्यांसाठी नव्या इमारती बांधाव्या लागत नाहीत किंवा नवे खाते उघडावे लागत नाही. निरीक्षकाने अहवालाची जाडी न पाहता पहिल्या पानावरील नावे वाचावीत, एवढे पुरे आहे.

दापोलीकरांनी यात काय करायचे? ज्यांची मुले लोट्याला पाळीवर जातात, त्यांनी घरी आल्यावर पगाराबरोबरच एक प्रश्न विचारायला हरकत नाही: तुमच्या कारखान्यात असा अभ्यास झाला तेव्हा तुला कोणी काही विचारले होते काय? विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकाने वर्गात एखादा साधा प्रयोग घ्यावा आणि ‘असे झाले नाही तर’, ‘जास्त झाले तर’, ‘उलट झाले तर’ असे प्रश्न मुलांना विचारू द्यावेत. त्यांतीलच कोणी उद्या रिॲक्टरपाशी उभा असेल, कोणी आराखडा काढील आणि कोणी बैठकीच्या टोकाला नोंदवही घेऊन बसेल. त्या दिवशी साहेबांचे वाक्य संपल्यावर त्याला विचारावेसे वाटले आणि विचारू दिले गेले, तर खाडीच्या दोन्ही तीरांवरील गावांना रात्री निश्चिंत झोपता येईल.